यंत्राआडचे हात



आपल्या नगर शहरात माळीवाड्यातून किंवा चितळे रस्त्यावरून लग्नाची वरात निघाली, की बँडवाल्याकडे एक फर्माईश हटकून होते. ‘नागीन वाजवा’ असे कोणीतरी ओरडतो. एक तरुण रुमालाचे टोक दातांत धरून पुंगी वाजविण्याचा आविर्भाव करतो आणि दुसरा नव्या कपड्यांची पर्वा न करता भर रस्त्यात लोळण घेतो. घरच्या वडील माणसांना हा प्रकार रुचतोच असे नाही. पण ती चाल कानी पडली की त्यांचाही पाय किंचित हलतो, हे त्यांनीही नाकारू नये.

ह्या चालीतली पुंगी मूळ कोणी वाजविली, असा प्रश्न केला तर दहांतले नऊजण सांगतील, की कोणा गारुड्याने वाजविली असेल. वस्तुतः तो गारुडी नव्हता आणि ती पुंगीही नव्हती. ते विजेवर चालणारे, पेटीसारख्या पट्ट्यांचे एक परदेशी वाद्य होते, आणि ते वाजविणारा गिरगावातल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा होता. त्याचे नाव कल्याणजी वीरजी शहा. ह्या दुकानदाराच्या घरातून पुढे दोन जोड्या निघाल्या. पहिली कल्याणजी-आनंदजी ह्या भावांची. तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. दुसरी त्यांचा धाकटा भाऊ बाबला आणि त्याची पत्नी कांचन ह्यांची. ह्या दुसऱ्या जोडीने विजेच्या वाद्यांवर हिंदी गाणी बसवून ती सातासमुद्रापार वेस्ट इंडीजपर्यंत पोचविली. तरी आपल्याकडे तिची आठवण फार थोड्यांना आहे. ह्या दोन्ही जोड्यांची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहे. ती सांगताना एकच प्रश्न डोळ्यांपुढे ठेवावयाचा आहे: संगीतात यंत्र आले म्हणजे त्यामागच्या माणसाचे काय होते?

प्रथम ते दुकान पाहू. वीरजी शहा हे कच्छमधले. पोटापाण्यासाठी ते मुंबईस आले आणि त्यांनी किराण्याचे दुकान घातले. थोरला मुलगा कल्याणजी ह्याचा जन्म कच्छमधील कुंदरोडी गावी १९२८ साली झाला. आनंदजी १९३३ चा. मुले वाढली गिरगावात. एका बाजूस मराठी चाळी, दुसऱ्या बाजूस गुजराती बिऱ्हाडे, गणेशोत्सवातले मेळे आणि गल्लोगल्ली गाण्याबजावण्याचा नाद, असा तो परिसर. भावांच्या पहिल्या गुरूविषयी एक मजेदार गोष्ट सांगतात. दुकानाची उधारी थकलेले एक गृहस्थ होते. पैसे देणे जमेना, तेव्हा मुलांना गाणे शिकवून त्यांनी ती फेडण्याचे कबूल केले. त्यांना स्वतःलाच गाणे फारसे येत नव्हते म्हणतात. तरीही वाण्याच्या वहीतली ती बुडीत रक्कम पुढे हिंदी चित्रसृष्टीला किती लाभाची ठरली, ह्याचा हिशेब कोणी करावा!

आता त्या वाद्याकडे वळू. त्याचे नाव क्लॅव्हिओलिन. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या तंत्रज्ञाने ते १९४७ साली तयार केले. आपल्या हार्मोनियमपेक्षाही लहान अशी तीन सप्तकांची पट्ट्यांची पेटी, आणि तिला तारेने जोडलेला आवाज मोठा करणारा एक खोका, एवढाच त्याचा संसार. आत भाता नाही, सूर नाहीत, तारा नाहीत. जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांतून विजेचा प्रवाह कंप पावतो आणि त्या कंपाचा नाद होतो. पट्ट्यांच्या खालच्या कळा फिरविल्या की तोच नाद कधी व्हायोलिनसारखा, कधी सनईसारखा, तर कधी आपल्या ओळखीच्या कोणत्याच वाद्यासारखा नाही असा निघतो. गुडघ्याने एक दांडी दाबली की आवाज चढतो वा उतरतो. मुख्य गोष्ट अशी की, ह्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी बोलते एकच. पाश्चात्त्य वादकाला ही उणीव वाटली असेल. आपल्या संगीताला ती मुळीच अडचण नव्हती, कारण आपले गाणे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणारी एकच रेघ असते.

पुंगी तरी दुसरे काय करते? वाळलेल्या भोपळ्यात दोन नळ्या मेणाने बसविलेल्या असतात. एकीतून अखंड आधारस्वर निघतो, दुसरीवर बोटे फिरतात. गारुडी गाल फुगवून श्वास न तोडता फुंकतो, म्हणून तिचा आवाज मध्ये थांबत नाही. स्वर थोडा किनरा, थोडा नाकातला आणि सतत थरथरणारा. क्लॅव्हिओलिनलाही श्वास घ्यावा लागत नाही, आणि नाद थरथरविण्याची कळ त्यात आहेच. हे साम्य ज्याच्या कानाने ओळखले त्याची तारीफ केली पाहिजे, कारण यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात ‘पुंगी’ नावाची कळ असणे शक्यच नव्हते. ती वाजविणाऱ्याच्या बोटांतून आली.

‘नागिन’ हा फिल्मिस्तानचा बोलपट १९५४ साली पडद्यावर आला. नायिका वैजयंतीमाला, गायिका लता मंगेशकर, संगीतदिग्दर्शक हेमंतकुमार. पुंगीच्या नादासाठी कल्याणजींचे क्लॅव्हिओलिन आणि त्याच्या जोडीला हेमंतकुमारांचे साहाय्यक रवि ह्यांची हार्मोनियम, अशी योजना झाली. चित्रपट त्या वर्षी अफाट चालला आणि संगीताचे फिल्मफेअर पारितोषिक हेमंतकुमारांना मिळाले. त्यात वावगे काही नाही. संगीतदिग्दर्शक तेच होते. पण सामान्य प्रेक्षकाच्या मनात त्या नादाचा धनी हेमंतकुमारही नव्हते आणि कल्याणजीही नव्हते. धनी होता पडद्यावरचा पुंगीवाला. नक्कल इतकी हुबेहूब वठली होती की नक्कल करणारा तिच्यामागे अदृश्य झाला.

ह्यापुढची गंमत अशी की, नकलेने अस्सलावरच उलटून मात केली. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेसारख्या जत्रा आपल्या जिल्ह्यात भरतात. भटक्या जमातींचे लोक तेथे लांबलांबून येतात. पूर्वी अशा गर्दीच्या ठिकाणी गारुडी हमखास दिसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांचे खेळ बेकायदा ठरले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून देशभरचे गारुडी आपल्या पुंगीवर हीच चित्रपटातली चाल वाजवू लागले होते. लोक तीच मागत, आणि पैसेही तिलाच पडत. विजेच्या वाद्याने भोपळ्याची नक्कल केली, आणि भोपळा विजेच्या वाद्याची नक्कल करू लागला. ह्यांत खरे वाद्य कोणते म्हणावयाचे?

ह्याच जातीच्या वाद्याने पुढे पाश्चात्त्य देशांतही नाव काढले. अमेरिकेतील डेल शॅनन ह्या गायकाच्या १९६१ च्या एका गाजलेल्या तबकडीत, क्लॅव्हिओलिनमध्ये फेरफार करून बनविलेले वाद्य वाजले आहे. आणि १९६७ साली बीटल्स मंडळींपैकी जॉन लेनन ह्याने ते स्वतः वाजविले. पण आपल्याकडे खेडोपाडीच्या तंबूतल्या सिनेमापर्यंत हा विजेचा सूर १९५४ सालीच पोचला होता. आधुनिक वाद्ये आपल्याकडे नेहमी उशिरा येतात, अशी आपली एक समजूत असते. ह्या बाबतीत तरी ती टिकत नाही.

कल्याणजींनी स्वतंत्र संगीतदिग्दर्शन प्रथम केले ते ‘सम्राट चंद्रगुप्त’ ह्या १९५८ च्या चित्रपटात. पुढच्याच वर्षी ‘सट्टा बाजार’ आणि ‘मदारी’ ह्या चित्रपटांपासून आनंदजींचे नाव त्यांच्या नावास जोडले गेले, आणि ते चार दशके जोडलेलेच राहिले. १९६० चा ‘छलिया’, १९६५ चे ‘हिमालय की गोद में’ आणि ‘जब जब फूल खिले’, १९६७ चा ‘उपकार’, असे एकामागून एक चित्रपट आले. ‘सरस्वतीचंद्र’ ह्या १९६८ च्या चित्रपटाने त्यांना संगीताचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले, ‘कोरा कागज’ने फिल्मफेअर, आणि १९९२ साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांनी संगीत दिलेल्या चित्रपटांची संख्या अडीचशेच्या आसपास सांगतात. ह्याच दोघांच्या हाताखाली लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल हे दोन तरुण साहाय्यक म्हणून राबत होते. १९६३ च्या ‘पारसमणि’पासून त्यांचीही जोडी झाली आणि ती गुरुगृहाइतकीच मोठी झाली. वाण्याच्या दुकानात जसा हाताखालचा पोऱ्या माल ओळखायला शिकतो आणि एक दिवस स्वतःची पेढी थाटतो, तसेच हे.

आता त्या घरातल्या तिसऱ्या भावाकडे येऊ. लक्ष्मीचंद शहा हे त्यांचे खरे नाव, पण जग त्यांना ‘बाबला’ म्हणून ओळखते. त्यांचा जीव ठेक्यात. थोरल्या भावांच्या वाद्यवृंदात तालवाद्यांची बाजू त्यांनी सांभाळली आणि त्याबरोबर स्वतःचा वाद्यवृंदही उभारला. त्यांच्या पत्नी कांचन. माहेरचे पूर्ण नाव कांचन दिनकरराव माळी; नावावरूनच मराठी वळण लक्षात यावे. ‘धर्मात्मा’ ह्या १९७५ च्या चित्रपटात मुकेश ह्यांच्याबरोबर त्यांनी गायिलेले द्वंद्वगीत अजूनही रेडिओवर लागते. ‘कुर्बानी’ ह्या १९८० च्या चित्रपटात अमितकुमार ह्यांच्याबरोबर लैलेचे जे उडते गाणे आहे, तोही आवाज कांचनबाईंचाच. ह्या गाण्याच्या नायिकेचे नाव कोणीही सांगेल. गायिकेचे नाव विचारले, तर पुष्कळ जण आशा भोसले असे ठोकून देतात.

‘कुर्बानी’चे नाव आले आहे तर क्षणभर तेथे थांबू. त्या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे. पण त्यातले सर्वांत गाजलेले एक गाणे त्यांचे नव्हे. ते लंडनमध्ये स्थायिक झालेल्या बिद्दू ह्या संगीतकाराने बांधले आणि नाझिया हसन ह्या शाळकरी वयाच्या पाकिस्तानी मुलीने गायिले. डिस्को नावाच्या नाचाचा एकसुरी, घड्याळासारखा चालणारा ठेका ह्या गाण्याने आपल्या घराघरांत नेला. ज्या घरातून विजेचा पहिला लोकप्रिय सूर निघाला, त्याच घरच्या चित्रपटात विजेच्या संगीताची दुसरी लाट दुसऱ्याच्या हाताने यावी, हा एक योगच म्हणावयाचा. त्यांनी ते नाव श्रेयनामावलीत वेगळे ठेवू दिले, हेही नोंदविण्यासारखे आहे.

ही दुसरी लाट पहिलीहून वेगळी होती. क्लॅव्हिओलिन हे वाद्यवृंदातले एक जादा वाद्य होते. ते आल्याने कोणाची खुर्ची गेली नाही. १९८० च्या सुमारास जी यंत्रे आली त्यांची गोष्ट निराळी. जपानच्या रोलंड कंपनीने त्या वर्षी ठेक्याचे एक यंत्र काढले. ढोल, झांज, टाळी ह्यांचे आवाज त्यात विजेने तयार होत, आणि कोणता आवाज केव्हा यावा हे एकदा लिहून ठेवले की ते यंत्र रात्रभर न चुकता तोच ठेका धरी. सिंथेसायझर नावाच्या पेट्यांतून व्हायोलिनच्या ताफ्यासारखा नाद एकटा माणूस काढू लागला. विलायतेत ह्याच सुमारास दोघादोघांच्या जोड्या निघाल्या: एकाने गावे, दुसऱ्याने यंत्रे सांभाळावी. १९८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ‘पेट शॉप बॉईज’ ही त्यांतली विशेष टिकाऊ. पूर्वी ज्या कामाला वीस-तीस माणसे लागत, त्याला दोघे पुरू लागले.

मुंबईच्या ध्वनिमुद्रण-गृहांतून बसणारे शेकडो वादक, त्यांत गोव्याचे व्हायोलिनवाले होते, मराठी ढोलकीवाले होते, सगळेच होते, त्यांच्या अन्नावर ह्या पेट्यांनी गदा आणली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते मोठे वाद्यवृंद बहुतेक विस्कटले. यंत्राचे गुण गाताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. मिल आली तेव्हा हातमागवाल्याचे जे झाले, तेच येथे झाले.

पण यंत्रापाशी बसलेल्या माणसालाही काही सुचावे लागते, हेही तितकेच खरे. बाबलांना सुचला तो दांडिया. नवरात्रात गरबा आणि दांडिया खेळताना रिंगणाला खंड चालत नाही. गाणाऱ्याचा दम संपतो, ढोलकीवाल्याचे हात भरून येतात, आणि रिंगण मोडते. न थकणारा डिस्कोचा ठेका आणि त्यावर एकात एक गुंफलेल्या ओळखीच्या चाली, असा मेळ त्यांनी जमविला आणि ‘डिस्को दांडिया’ ह्या नावाने त्याच्या तबकड्या व फिती काढल्या. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत थांबणे नाही! मुंबईच्या मैदानांतून हे लोण गुजरातीवस्तीबाहेर पसरले. आपल्या जिल्ह्यातले नवरात्र मूळचे वेगळे. मोहट्याच्या देवीला पायी जाणे, बुऱ्हाणनगरहून तुळजापूरला निघणारी भवानीची पालखी, घरोघरी बसणारे घट, हे आपले नवरात्र. त्याच्या जोडीला आज महाराष्ट्रातील शहराशहरांतून टिपऱ्यांचे जे रिंगण फिरते, त्याच्या ठेक्याचा माग काढीत गेले तर वाट ह्या तबकड्यांपाशी येते. हा बदल कोणास आवडेल, कोणास नावडेल. पण तो आपोआप घडला नाही. तो कोणीतरी घडविला.

ह्या जोडीची खरी कर्तबगारी मात्र ह्याही पलीकडची. ती समजण्यास थोडा इतिहास सांगितला पाहिजे. गुलामगिरी बंद झाल्यावर वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करार लिहून घेऊन माणसे नेली. गयानात पहिली जहाजे १८३८ साली लागली, त्रिनिदादला १८४५ च्या ३० मे रोजी. डचांच्या सुरिनामला १८७३ साली. १९१७ साली ही भरती बंद होईपर्यंत एकट्या त्रिनिदादेत सुमारे १ लाख ४४ हजार आणि गयानात सुमारे २ लाख ३९ हजार माणसे गेली. बहुतेक जण बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागातले, भोजपुरी बोलणारे. तीनचार पिढ्यांनंतर त्यांच्या नातवंडांची भाषा इंग्रजी झाली. भोजपुरी उरली ती लग्नातल्या गाण्यांत, आणि ढोलक व लोखंडी दांडीच्या धनतालाच्या नादात. शब्दांचा अर्थ कळेनासा झाला, तरी त्यांनी चाल सोडली नाही.

त्रिनिदादच्या बॅराकपूर भागात सुंदर पोपो नावाचा गायक होता. जन्म १९४३ चा. आजी-आजोबांच्या गमतीवर त्याने अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी गाणे रचले आणि १९७० च्या सुमारास ते त्या बेटावर घरोघरी झाले. भजी आणि चटणी ह्यांच्या अतूट नात्यावरचे, लोकगीताच्या वळणाचे त्याचे आणखी एक गाणे असेच लोकप्रिय होते. ह्या धाटणीच्या गाण्यांस तेथे ‘चटनी’ असेच नाव पडले. हे गाणे बाबला आणि कांचन ह्यांनी उचलले. त्यास सिंथेसायझरचा साज चढविला, विजेचा ठेका दिला आणि कांचनबाईंच्या मोकळ्या, ठसठशीत आवाजात ते १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुद्रित केले. माँटसेराट बेटावरच्या ॲरो नावाच्या गायकाचे १९८२ साली जगभर गाजलेले नाचाचे गाणेही त्यांनी हिंदी शब्दांत आणले.

ह्या तबकड्यांनी काय केले, ते आपण येथे बसून सहज समजू शकत नाही. त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम येथल्या हिंदी वंशाच्या माणसाला शंभर-सव्वाशे वर्षे हिंदुस्थानकडून बोलपट आले, पूजेची पुस्तके आली. पण त्याने स्वतः, त्या परक्या मातीत, रचलेले गाणे हिंदुस्थानने ऐकावे आणि उलट आपल्या आवाजात म्हणून परत धाडावे, असे कोठे घडले होते? बाबला-कांचन ह्यांनी तिकडे दौरे केले तेव्हा लोकांनी त्यांना नातलगांसारखे मानले ते ह्यामुळे. मुंबईत त्या वेळी कांचनबाई अनेक पार्श्वगायिकांपैकी एक होत्या. कॅरिबियन बेटांवर त्या घरोघरच्या होत्या. विशेष हे की, ही नाती जोडण्यास यंत्रच कामी आले. सत्तर माणसांचा वाद्यवृंद समुद्र ओलांडून नेणे कोणास परवडले असते? दोन पेट्या आणि थोडे सोबती मात्र विमानात बसू शकतात.

येथे ह्या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भजी-चटणीचे ते गाणे बाबला-कांचनमुळे हिंदुस्थानात आले आणि उत्तरेकडच्या लग्नांतून वाजू लागले. ते ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते उत्तर प्रदेशातलेच एखादे जुने गाणे समजले. सुंदर पोपो हे नाव त्यांच्या कानी कधी आले नाही. २००० साली तो वारला, तेव्हा ज्या देशाच्या आठवणीवर तो आयुष्यभर गात राहिला, त्या देशाने त्याची फारशी दखल घेतली नाही. ‘नागिन’च्या वेळी कल्याणजींचा हात पुंगीआड लपला, येथे त्रिनिदादचा गायक मुंबईच्या तबकडीआड लपला. ह्यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. तबकडीचा स्वभावच असा, की ती शेवटचा आवाज ऐकविते आणि आधीचे हात झाकते. यंत्र जितके चांगले, तितके हे झाकणे अधिक बेमालूम.

आणि मग ह्याच घराच्या बाबतीत काळाने एक चक्र पुरे केले. १९९० नंतर पाश्चात्त्य संगीतकारांनी एक नवी रीत काढली. जुन्या तबकडीतला दोनचार क्षणांचा तुकडा यंत्राने कापून घ्यावयाचा, तो पुनःपुन्हा फिरवावयाचा आणि त्यावर नवे गाणे उभे करावयाचे. १९९८ साली अमेरिकेत ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाची एक ध्वनिचकती निघाली. तीत डॅन द ऑटोमेटर ह्या संगीतकाराने कल्याणजी-आनंदजींच्या जुन्या चित्रपटांतले पार्श्वसंगीत घेऊन त्यावर नवे ठेके चढविले होते. २००५ साली ‘ब्लॅक आयड पीज’ ह्या अमेरिकन मंडळींनी ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) ह्या दोन चित्रपटांतल्या चालींवर आपले एक गाणे बेतले. ते जगभर वाजले आणि त्यास ग्रॅमी पारितोषिकही लाभले. त्या गाण्याच्या रचनाकारांत कल्याणजी, आनंदजी आणि गीतकार इंदीवर ह्यांची नावे रीतसर छापली गेली. कल्याणजी हे पाहण्यास राहिले नव्हते. २४ ऑगस्ट २००० रोजी ते गेले. कांचनबाईही २००४ साली गेल्या. ‘कुर्बानी’तले त्यांचे लैलेचे गाणे २०१७ साली ‘रईस’ चित्रपटात नव्या गायिकेच्या आवाजात पुन्हा आले, तेव्हा तरुण श्रोत्यांना ते नवेच वाटले.

यंत्राकडून नाव मिळविणे अशक्य नाही, हे २००५ च्या गोष्टीवरून दिसते. पण ते आपोआप मिळत नाही. कायदा लागतो, करार लागतो आणि विचारणारा कोणी तरी लागतो. मुंबईच्याच चरणजित सिंग ह्या वादकाची गोष्ट पाहा. त्यांनी १९८२ साली त्या जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि युरोपातले तरुण तिच्यावर लुब्ध झाले, कारण ज्या नृत्यसंगीताला ते अगदी आपले समजत होते, त्याचाच बाज त्यांना तीत आधी सापडला. सिंग २०१५ साली वारले. तीन दशकांनी का होईना, त्यांच्या हाताचे नाव घेतले गेले. ज्यांचे घेतले गेले नाही, असे किती असतील?

आज तर ह्याहून पुढची पायरी आली आहे. माणसाने तोंडही न उघडता यंत्र गाणे रचते, गातेही. आणि ते कोणाच्या आवाजांवरून शिकले ह्याचा पत्ता कोठेही छापलेला नसतो. अशा वेळी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, यंत्राने संगीत मारले. कोणी म्हणतो, आता वादक हवेतच कशाला? गिरगावच्या ह्या घराची कथा दोन्ही मतांस छेद देते. क्लॅव्हिओलिन घेण्यास पैसा पुरेसा होता. त्यातून पुंगी काढण्यास कल्याणजी लागले. ठेक्याचे यंत्र कोणासही मिळत होते. त्यावर दांडियाचे रिंगण फिरविण्यास बाबला लागले, आणि परक्या बेटावरच्या गाण्यात स्वतःच्या घरचा गोडवा भरण्यास कांचन माळी लागल्या. यंत्राचे सामर्थ्य खरे, आणि त्याने वादकांची पाने उठविली हेही खरे. म्हणूनच यंत्रामागे जे हात उरतात, त्यांची नावे पुसली जाणार नाहीत ह्याची जपणूक अधिक काळजीने झाली पाहिजे.

ही जपणूक केवळ कायद्याने होणारी नव्हे. ती ऐकणाऱ्याच्या सवयीने होते. पूर्वी आपल्या घरांतून नवी तबकडी आली की वडील माणसे तिच्यावरचा कागद मोठ्याने वाचीत: गायक अमुक, साथ अमुक, राग अमुक. तबकड्या गेल्या आणि तो कागदही गेला. आता गाणे हातातल्या दूरध्वनीवर येते, नावावाचून येते आणि जाते. घरातल्या मुलाने एखादे गाणे लावले, तर त्यास ‘आवाज लहान कर’ म्हणण्यापूर्वी एक प्रश्न विचारून पाहावा: ही चाल कोणाची? हे वाजविले कोणी? मूळ गायिले कोणी? त्यास ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. शोधता शोधता कधी गिरगावातले दुकान सापडेल, तर कधी त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यातली झोपडी. गाणे तेवढेच राहील, पण ऐकणारा थोडा मोठा होईल.